जामठ्याचे विजेते आणि उसनी जर्सी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या भाच्याकडे सात क्रमांकाची पिवळी जर्सी आहे आणि चेन्नईचा अख्खा संघ त्याला तोंडपाठ आहे. २ मार्च २०२५ च्या रविवारी विदर्भाने नागपूरजवळच्या जामठा मैदानावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राखला आणि पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी करंडक जिंकला. त्या दुपारी आम्ही मामा-भाचे नागपूरच्या महाल भागातल्या एका पानठेल्यावर उभे होतो. ठेल्यावरच्या टीव्हीवर दुबईतला भारत-न्यूझीलंड सामना रंगला होता. जामठ्याचे नाव तिथे कोणी काढले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही काढले नाही.

मी पोराला दोष देत नाही. चाहत्यांच्या जथ्यात शिरले की रंग, घोषणा, चिडवाचिडवी आणि भांडायला हक्काची माणसे आयती मिळतात. आयपीएलच्या संघांनी २००८ पासून हे सारे पद्धतशीर उभे केले. नागपूरचा स्वतःचा संघ त्यात नसल्यामुळे (२०१० मध्ये हैदराबादचा डेक्कन चार्जर्स आपले काही ‘घरचे’ सामने येथे खेळून गेला, तेवढेच काय ते) आमची पोरे कोणी मुंबईची, कोणी चेन्नईची झाली. याउलट, रणजीच्या २०१७-१८ च्या अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध विदर्भाच्या रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली, त्याच्या नावाची जर्सी घातलेला मुलगा मी आजवर पाहिलेला नाही.

विदर्भाच्या हर्ष दुबेचे उदाहरण तर बोलके आहे. २०२४-२५ च्या हंगामात त्याने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला, तरी भाच्याला तो माहीत झाला मे महिन्यात, आयपीएलमध्ये हैदराबादच्या नारंगी जर्सीत दिसल्यावर. संत्रानगरीच्या खेळाडूची ओळख पटायला हैदराबादचा नारंगी रंग लागावा, याला काय म्हणावे!

‘वेगळा विदर्भ’ म्हणताना आपला आवाज चढतो, पण त्या नावाने खेळणाऱ्या अकरा जणांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत. यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे. रणजीचा निकाल आतल्या पानावर चार ओळींत येतो आणि सामना कधी सुरू झाला हे तो संपल्यावर कळते. येत्या हंगामात जामठ्यातील प्रत्येक सामन्याची वेळ आदल्या दिवशी आणि पूर्ण धावफलक दुसऱ्या दिवशी आपण छापावा, ही विनंती. भाच्याला घेऊन जाण्याचे माझ्याकडे लागले.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर