शाळेच्या अंकाची फाइल

पुणे, 9 डिसेंबर

प्रिय मंजू,

चित्रकलेच्या बाई आहेत म्हणजे वार्षिकांकही त्याच करतील, हे तुमच्या मुख्याध्यापकांचं गणित मला नवीन नाही. आमच्या प्रेसमध्ये येणाऱ्या कितीतरी शाळांच्या अंकांमागे अशीच कुणीतरी चित्रकलेची बाई असते, आणि डिसेंबरात तिची झोप उडालेली असते. तू विचारलंस, फाइल प्रेसला द्यायची कशी. सांगते. पण फाइल ही फार पुढची गोष्ट झाली गं. घोळ होतो तो मजकूर आणि फोटो गोळा करताना, आणि तो मागाहून कुठल्याही सॉफ्टवेअरने निस्तरत नाही.

फोटोंपासून सुरुवात कर. तुझे सहकारी ते व्हॉट्सॲपवर टाकून मोकळे होतील. तिथे फोटो आकसतो, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर येते. छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरले, तर असा फोटो जेमतेम सव्वापाच इंच रुंद छापता येतो. कवितेशेजारी चालेल. पण पन्नास मुलांच्या वर्गाचा फोटो पानभर, म्हणजे सात इंच रुंद घ्यायचा तर 2100 पिक्सेल हवेत. फोटोशॉपमध्ये आकडा वाढवता येतो, चेहरे मात्र वाढत नाहीत. ज्याच्या मोबाइलमध्ये मूळ फोटो असेल त्याच्याकडून तो 'डॉक्युमेंट' म्हणून मागव, नाहीतर सरळ पेनड्राइव्ह घेऊन त्याच्यासमोर उभी राहा. आणि आतली पानं मॅपलिथोवर, म्हणजे बिनचकाकीच्या साध्या कागदावर, छापणार असाल तर फोटो थोडे उजळ कर. तो कागद शाई पितो. मागच्या रांगेत झाडाच्या सावलीत उभी असलेली मुलं स्क्रीनवर दिसतात, कागदावर काळी होतात.

नावांना सगळ्यात जास्त वेळ दे. मुख्याध्यापकांचं मनोगत कुणी वाचो न वाचो, अंक हातात पडला की पोर आधी स्वतःचं नाव शोधतं, आणि घरी आजी चष्मा लावून तेच शोधते. ऑफिसमधून यादी मिळेल ती बहुधा इंग्रजीत. तिच्यावरून काळे की काले, राणे की राने, साठे की साथे, हे टायपिंग करणारा आपल्या अंदाजाने ठरवतो. म्हणून मराठी यादी छापून प्रत्येक वर्गात फिरव, ज्याचं नाव त्यानेच पेनने दुरुस्त करायचं, आणि खाली वर्गशिक्षकांची सही. गट फोटोखालची नावं फोटो काढला त्याच दिवशी लिहून घे: बसलेले, मधली रांग, मागे उभे, सगळं डावीकडून. महिन्याने विचारलंस तर वर्गशिक्षकही डोकं खाजवतात.

मजकूर दोन तऱ्हांनी येईल. जुना टायपिस्ट श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये देईल, तरुण शिक्षक मोबाइलवर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येईल असं. श्रीलिपीचं युनिकोड करताना रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्ह' हमखास दगा देतात, तेव्हा 'दऱ्या', 'वऱ्हाड' असले शब्द मुद्दाम शोधून बघ. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणार असलीस तर परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर, म्हणजे आपली अक्षरं नीट जुळवणारा पर्याय, लाव. त्याच्याशिवाय जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी जाऊन बसते. फॉन्ट निवडताना ल आणि श बघून घे. 2009 च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवलेला आहे. मंगलसारख्या फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. पालकांना कळणार नाही, तुमच्या मराठीच्या बाईंना नक्की कळेल.

आता पानांचा हिशेब. हा शाळांना कुणी सांगत नाही, आणि पैसे इथेच वाचतात. सोळा पानांचा एक फर्मा धर. मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं, दुसऱ्या बाजूला आठ. घडी घातली की 1, 4, 5, 8, 9, 12, 13 आणि 16 ही पानं एका बाजूची निघतात, बाकीची दुसऱ्या. रंगीत बाजूला चार प्लेटा, म्हणजे दर शाईचा छपाईचा एकेक पत्रा, लागतात, नुसत्या काळ्या बाजूला एकच. शाळा म्हणते, 'रंगीत आठ पानं सलग द्या.' सलग दिली की दोन्ही बाजूंना रंग आला आणि बिल फुगलं. त्याऐवजी संमेलनाचे आणि सहलीचे फोटो 4-5, 8-9 आणि 12-13 वर घे. ती पानं समोरासमोर उघडतात, त्यामुळे मोठा फोटो दोन पानांवर पसरता येतो. मशीन लहान असेल तर फर्मा आठ पानांचा असतो, तेव्हा डिझाइन सुरू करण्याआधीच प्रेसवाल्याकडून कोऱ्या कागदाची डमी घडी घालून घे आणि तिच्यावर पेन्सिलीने पानं मांड. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिना, मारणार असाल तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत.

संस्थेच्या अध्यक्षांचा शुभेच्छा संदेश शेवटच्या दिवशी येतो. सगळीकडे तसंच. त्यांच्यासाठी एक पान मोकळं ठेव, आणि ते काळ्या बाजूचं ठेव.

बाकी तांत्रिक गोष्टी थोडक्याच आहेत. चारही कडांना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कटिंगमध्ये जाणारा जादा भाग, आणि अक्षरं कटिंगपासून निदान सेंटिमीटरभर आत. फोटो सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या रंगपद्धतीत. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, म्हणजे के 100. चार रंगांचा काळा झाला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की बारीक अक्षरांना सावल्या फुटतात. पीडीएफ सुट्या पानांची दे, जोडपानांची नको; पानं लावायचं काम प्रेसचं. काही प्रेसवाले फॉन्ट कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून, मागतात. तसं द्यायला हरकत नाही, फक्त कर्व्ह न केलेली फाइल वेगळी जपून ठेव, कारण कर्व्ह झाल्यावर एक वेलांटीसुद्धा टाइप करून बदलता येत नाही.

शेवटचं प्रूफ कागदावर काढ आणि मुख्याध्यापकांची पानापानावर सही घे. त्यांना वाईट वाटेल, वाटू दे. प्लेटा निघाल्यावर 'एवढं एकच वाक्य बदला' असा फोन आला, तर ती सही दाखवायला बरी पडते.

गॅदरिंगची तारीख कळव, म्हणजे छपाईला आणि बाइंडिंगला किती दिवस उरतात ते बघू. पहिलं प्रूफ मला पाठव, चाळून देते. काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
सुनी

ता. क. जाहिराती राहिल्याच. दुकानदार व्हिजिटिंग कार्डाचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवतात. तो तसाच लावू नकोस, मजकूर नव्याने टाइप कर आणि फोन नंबर त्यांच्याकडून वाचून घे. पैसे आधी.