सुईआधी मेटानेफ्रिन

प्रिय सुध्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, त्या पावल्या. इकडे सगळं ठीक, गुडघा आहे तसाच.

सीटी-गायडेड बायोप्सीचा (सीटीवर बघत सुईने तुकडा काढायचा) फॉर्म आलाय. बाई 38 वर्षांची, पोटात पाच सेंटिमीटरची गाठ, फॉर्मवर लिहिलंय 'टीबीची नोड?', म्हणजे टीबीने सुजलेली लसिकाग्रंथी. मी बायोप्सीला नाही म्हटलं, तर सगळे रुसलेत. भूल देणाऱ्यालाच हे कळेल, म्हणून तुला लिहितोय.

जागा बघ. एओर्टाच्या (पोटातल्या मोठ्या धमनीच्या) पुढ्यात, इन्फिरिअर मेसेंटरिक धमनीच्या उगमापासून एओर्टा दुभंगते तिथपर्यंत. झुकरकांडलचा अवयव तिथलाच, आणि त्याच्या पेशींची गाठ म्हणजे पॅरागँग्लिओमा, अॅड्रेनॅलिनच्या जातीची संप्रेरकं सोडू शकणारी. टीबीची नोड असती तर बहुधा कड उजळ, मध्य काळा आणि शेजारी आणखी चार नोड्स दिसल्या असत्या. ही एकटीच. प्लेन सीटीत, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवाय, 42 हौन्सफिल्ड (सीटीवरच्या घनतेचं एकक), कॉन्ट्रास्ट धमन्यांत असताना, आर्टेरियलला, 160; म्हणजे गाठीत रक्त भरपूर. (प्लेन कशाला, फुकटचं रेडिएशन, म्हणून तू आणि पव्या किती भांडलात! प्लेन नसतं तर ही वाढ मोजली कशावरून असती? बोल.) एमआरआयच्या टी-टू चित्रांवर पॅरागँग्लिओमा लख्ख पांढरी दिसेलच असं नाही, आत रक्त साकळलं असेल तर सगळी भेसळ दिसते. श्वानोमा, जिस्ट, कॅसलमन या दुसऱ्या शक्यता यादीत आहेतच. पण पॅरागँग्लिओमा नाकारल्याशिवाय सुई नाही. टोचताच कॅटेकोलामाइन (तीच संप्रेरकं) सुटली, तर चढलेलं बीपी उतरवायला धावायचं कोणी? तूच.

प्लाझ्मा मेटानेफ्रिन (त्या संप्रेरकांपासून बनणारे पदार्थ रक्तात मोजायची तपासणी) सांगितलं, तर रक्त खुर्चीवर बसवून काढलं. निदान वीस-तीस मिनिटं आडवं ठेवून घ्यायचं असतं, नाहीतर त्यातलं नॉरमेटानेफ्रिन उगाच वाढलेलं येतं. पुन्हा घ्यायला लावलंय. अ‍ॅमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची गोळी) चालू आहे का, तेही विचारायला सांगितलंय. त्यानेही आकडा फुगतो. त्यावर एकाने मलाच सुनावलं की मग सीटीचा कॉन्ट्रास्ट तरी कसा दिलात! नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्टने अशा गाठीला काही होत नाही रे.

खरी धास्ती वेगळीच आहे. धडधडीसाठी तिला प्रोप्रानोलॉल दिलंय. अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) आधी न देता बीटा ब्लॉकर! रक्तवाहिन्या आकसलेल्या राहणार आणि बीपी आणखी चढणार. तुमचा तो सर्जन माझं ऐकत नाही, तुझं ऐकतो. आकडा वाढलेला आला तर गॅलियम डोटाटेट पेट (अशा गाठी शोधणारा स्कॅन) आणि एसडीएचबी जनुकाची तपासणी मी बघतो. अल्फा ब्लॉक, मीठ-पाणी आणि ऑपरेशनआधीचे सात ते चौदा दिवस तू सांभाळ.

चिनूची दहावी कशी गेली? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

बायोप्सी गुरुवारच्या यादीत आहे, त्याआधी सर्जनला फोन कर. ओटीत असला तर सिस्टरकडे निरोप ठेव, पण प्रोप्रानोलॉलचं आजच बोल.

तुझा,
बाळ्या