अर्ध्या मोहिमेत आलेले नवे नियम

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून आणि आपापले पात्र रंगवत खेळायच्या आपल्या खेळाच्या २०२४ च्या नियमांनी तुझ्या पॅलाडिनचे, म्हणजे पवित्र शपथ घेतलेल्या योद्ध्याचे, कंबरडे मोडले, हे तुझे म्हणणे. आणि टेबलावरच्या बाकीच्या मंडळींना नवे पुस्तक आवडले असल्यामुळे आपण मोहीम, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी आपली कथा, अर्ध्यावर असतानाच तिकडे वळणार की काय, ही तुझी धास्ती. धास्तीचे उत्तर आधी देतो, म्हणजे उरलेले पत्र तू शांतपणे वाचशील: वळणार नाही. ही मोहीम २०१४ च्या नियमांनीच पूर्ण होईल. तुझ्या तक्रारीवर मात्र थोडा वाद घालायचा आहे, कारण तुझा राग रास्त असला तरी तो तू भलत्यावरच काढतो आहेस असे मला वाटते.

पॅलाडिनचेच आधी घेऊ. २०१४ च्या पुस्तकात डिव्हाइन स्माइट, म्हणजे वारात दैवी ताकद ओतणे, हा मंत्र नव्हता, क्लासच्या (पात्राच्या व्यवसायाच्या) अंगचा गुण होता. वार लागला की स्पेल स्लॉट, म्हणजे मोजकाच मिळणारा मंत्रशक्तीचा वाटा, खर्च करायचा आणि जादा इजेसाठी आठ बाजूंचे फासे उचलायचे. पहिल्या पातळीच्या स्लॉटला दोन, वरच्या प्रत्येक पातळीला आणखी एक, असे पाचपर्यंत, समोर पिशाच्च किंवा सैतान असेल तर वर अजून एक, आणि वारासाठी टाकलेल्या वीस बाजूंच्या फाशावर वीस पडले असतील तर सगळेच दुप्पट. एका टर्नमध्ये, म्हणजे आपल्या पाळीत, दोन वार लागले तर दोन्हींवर स्माइट लावायला कोणाची हरकत नव्हती. आता तोच स्माइट मंत्र झाला आहे. वार लागल्याबरोबर बोनस अ‍ॅक्शन (मुख्य कृतीखेरीज मिळणारी एक छोटी कृती) देऊन तो टाकायचा, म्हणजे टर्नमध्ये एकदाच, आणि मंत्र म्हटल्यावर समोरचा जादूगार काउंटरस्पेलने तो अडवू शकतो. तुला सर्वांत जास्त झोंबले आहे ते हे शेवटचे. पण काउंटरस्पेलचा नियमही बदलला आहे, याचा तुझ्या पत्रात कुठेच उल्लेख नाही. आता मंत्र टाकणाऱ्याला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्हिंग थ्रो, म्हणजे फासा टाकून वाचण्याची संधी, मिळतो, सहाव्या लेव्हलपासून त्यात तुझ्या ऑराची (पॅलाडिनभोवतीच्या संरक्षक प्रभावाची) भर पडते, आणि थ्रो फसलाच तरी स्लॉट वाया जात नाही. शिवाय दीर्घ विश्रांतीमागे एक स्माइट स्लॉटशिवाय मिळतो तो वेगळाच.

खरी गोम दुसरीकडे आहे. ले ऑन हँड्स या हात ठेवून बरे करण्याच्या गुणासाठी पूर्वी अख्खी अ‍ॅक्शन लागे, आता बोनस अ‍ॅक्शन पुरते. ही सोय खरी, परंतु स्माइट आणि उपचार हे दोघेही त्या एकाच बोनस अ‍ॅक्शनवर हक्क सांगतात. त्यामुळे शेजारी कोसळलेल्या क्लेरिकला (पुजाऱ्याच्या पात्राला) उठवायचे की समोरच्या व्हॅम्पायरवर स्माइट करायचा, हे दर टर्नला ठरवावे लागते. मला ही ओढाताण खेळ म्हणून आवडते. तुला आवडणार नाही, कारण तू इतकी वर्षे पॅलाडिन खेळलास तो मूठभर फासे एकदम टाकण्याच्या सुखासाठी, आणि ते सुख क्षुल्लक आहे असे मी कधीच म्हणणार नाही. डन्जन मास्टर, म्हणजे कथा आणि राक्षस चालवणारा, या नात्याने एवढेच सांगतो, की जीव ओतून रचलेला खलनायक तुझ्या दोन वारांत पहिल्याच फेरीत आडवा झालेला मी पाहिला आहे, आणि त्या वेळी टेबलावर तू सोडून कोणी फारसे खूश नव्हते.

फायटर, म्हणजे जादू नसलेला लढवय्या, खेळणाऱ्या आपल्या मित्राला मात्र नव्या पुस्तकाने खरोखर काहीतरी दिले आहे. पूर्वी त्याची टर्न आली की तो "मारतो" म्हणायचा, फासा टाकायचा आणि पुन्हा खुर्चीला टेकायचा. जादूगार पानेच्या पाने मंत्र चाळत असताना त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नसे. आता प्रत्येक हत्याराला एक मास्टरी, म्हणजे खास करामत, आहे: मोठी तलवार हुकली तरी थोडे डॅमेज होतेच, लांब धनुष्याचा बाण लागला तर शत्रूचा वेग घटतो, मोठ्या घणाचा वार लागला तर शत्रू आडवा पडू शकतो. या शेवटच्याने मला काम लावले आहे. घण लागला की शत्रूला कॉन्स्टिट्यूशनचा थ्रो टाकावा लागतो, पाचव्या लेव्हलला टर्नमागे दोन वार, म्हणजे माझे दोन जादा फासे, आणि हे प्रत्येक फेरीत. आता याच्या शेजारी नव्या राक्षसांच्या पुस्तकातला साधा लांडगा ठेवून बघ. २०१४ चा लांडगा चावला तर तुला स्ट्रेंग्थचा थ्रो मिळत होता, अकरा गाठले की तू उभा. २०२५ मध्ये आलेल्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला लांडगा चावला की तू आडवा. थ्रो नाही, विचारणा नाही. म्हणजे खेळाडूने पाडायचे तर समोरच्याला वाचण्याची संधी, आणि राक्षसाने पाडायचे तर खेळाडूला ती नाही. हे का केले ते मला कळते. डन्जन मास्टरच्या हाताखाली आठ लांडगे असतात, दर चाव्याला खेळ थांबवून थ्रो मागणे कंटाळवाणे होते, आणि वरच्या लेव्हलचे राक्षस जुन्या नियमांत लेचेपेचे ठरत, ही तक्रार आपणच वर्षानुवर्षे करत आलो. तरीही स्वतःच्या पात्राचे नशीब स्वतःच्या फाशाने ठरवण्याचा हक्क हा या खेळाचा कणा आहे, आणि तो इथे थोडा कापला गेला आहे. या एका बाबतीत स्माइटपेक्षाही मोठ्याने तक्रार करायला हवी होतीस.

दबा धरून केलेल्या हल्ल्याबाबत मी पूर्णपणे तुझ्या बाजूचा आहे. जुन्या नियमात बेसावध सापडलेल्या शत्रूची पहिली टर्नच फुकट जात असे. आता तो इनिशिएटिव्हसाठी, म्हणजे लढाईतला क्रम ठरवण्यासाठी, दोन फासे टाकून कमी पडलेला धरतो, एवढाच फरक. जुना नियम फार कडक होता, हे मान्य. लढाई सुरू होण्यापूर्वीच संपायची. पण त्या कडकपणामुळेच खेळाडू आधी टेहळणी करत, चिलखत उतरवून ठेवत, मशाली विझवत, आणि कधीकधी अख्खी बैठक त्या तयारीतच निघून जाई. बक्षीस आटले की एवढी मेहनत कोण घेणार? लपण्याच्या नियमाचेही तसेच. पूर्वी लपता येईल की नाही हे मी ठरवायचो, आणि तुझा स्टेल्थ (लपण्याचे कसब) समोरच्याच्या पर्सेप्शनशी (नजरेशी) भिडायचा. आता आडोसा मिळाला की पंधरा गाठायचे, आणि गाठले की तू नियमाच्या दृष्टीने अदृश्य. खांबामागे दडलेला चोर आणि जादूने गायब झालेला चोर या दोघांना एकच अवस्था लागू करण्याची काटकसर कोणाला सुचली असेल ती असो; त्यावरून आमचा एका संध्याकाळी जो वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

बाकी बरेचसे बदल कोणाला खुपलेले नाहीत. क्युअर वूंड्स हा जखमा भरणारा मंत्र एकाऐवजी दोन फासे देतो, थकव्याचा सहा ओळींचा तक्ता जाऊन प्रत्येक पायरीला वजा दोन असा सोपा हिशेब आला, आणि औषधी पेय बोनस अ‍ॅक्शनमध्ये पिता येते, जे असंख्य टेबलांवर आधीपासूनच घरचा नियम म्हणून चालत होते.

मग एवढा गदारोळ कशाचा? माझे मत सांगतो. प्रकाशकाने ही नवी आवृत्ती आहे असे म्हणण्याचेच टाळले. ही पाचवी आवृत्तीच, फक्त सुधारलेली, आणि जुनी पुस्तके हिच्याबरोबर चालतील, अशी त्यांची भूमिका. ऐकायला हे सौम्य वाटते, पण त्याने जुन्या खेळाडूकडून नाही म्हणण्याची सोय काढून घेतली.

मागच्या वेळा आठव. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला, आणि १९८९ मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्सची दुसरी आवृत्ती आली. तिच्यात असॅसिन हा क्लास आणि हाफ-ऑर्क हा वंश गेले, आणि सैतानांची नावे बदलली. जुने लोक चिडले. पण जुनी साहसे नव्या पुस्तकाने चालवता येत होती आणि मुखपृष्ठावर स्पष्टपणे दुसरी आवृत्ती असे लिहिले होते. २००० मध्ये तर सगळेच उलटेपालटे झाले. कमी आर्मर क्लास (बचावाचा आकडा) चांगला, थॅकोमधून (वार लागण्याच्या मूळ आकड्यातून) तो वजा करायचा, वगैरे जे गणित आपण पाठ केले होते, ते रद्द. पाचांऐवजी तीन सेव्हिंग थ्रो. आणि जवळपास प्रत्येक गोष्टीसाठी वीस बाजूंचा एकच फासा. बदल प्रचंड, तरी ज्याला नको होते तो दुसऱ्या आवृत्तीत राहिला आणि दोघांचे बरे चालले. २००८ ची चौथी आवृत्ती सर्वांत जास्त कडवटपणा घेऊन आली. फायटर असो वा विझर्ड, सगळ्यांच्या शक्ती केव्हाही, लढाईत एकदा, दिवसात एकदा अशा एकाच साच्यात बसवल्या गेल्या. ज्यांना ते मानवले नाही त्यांच्यासाठी पायझो कंपनीने खुल्या परवान्याचा (इतरांना हे नियम वापरून छापू देणाऱ्या परवान्याचा) आधार घेऊन ३.५ ची, म्हणजे तिसऱ्या आवृत्तीच्या सुधारित रूपाचीच परंपरा पुढे नेणारा पाथफाइंडर २००९ मध्ये काढला. ते भांडण कडाक्याचे होते, पण सरळ होते: तुम्ही तिकडचे, आम्ही इकडचे.

आता तसे होत नाही. आपल्याच टेबलावर बघ. तुझा पॅलाडिन हाफ-एल्फ (अर्धा माणूस, अर्धा एल्फ) आहे आणि नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये हाफ-एल्फ नाही. तो जुन्या पुस्तकातून घ्या, असे सांगितले जाते. मात्र त्याच्याबरोबर येणारी गुणांची वाढ सोडून द्यायची, कारण ती आता पार्श्वभूमीतून मिळते, आणि पार्श्वभूमी जुनी असेल तर तिला वरून एक ओरिजिन फीट, म्हणजे सुरुवातीची खास क्षमता, जोडायची. हे सगळे जमते, नाही असे नाही. पण शेवटी हाती येणारी कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राचा नोंदकागद, २०१४ चीही नसते आणि २०२४ चीही नसते. शेजारी नव्या नियमांचा फायटर, पलीकडे जुन्या पुस्तकातला रेंजर, आणि प्रत्येक मंत्राला "कोणत्या पुस्तकातला?" हा प्रश्न. वेगळी आवृत्ती म्हटले असते तर तू सरळ म्हणाला असतास की मला नको. आता नको म्हणणारा माणूस उगाच अडून बसलेला ठरतो, कारण बदल तर थोडासाच आहे ना!

ऑगस्ट २०२४ मध्ये तर याचा कळस होता होता राहिला. ऑनलाइन साधनांमध्ये ज्यांच्या कॅरेक्टर शीट होत्या, त्यांचे जुने मंत्र आणि जादुई वस्तू नव्या रूपाने बदलल्या जातील असे जाहीर झाले. एवढा ओरडा झाला की काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. चाहत्यांनी उगीच आरडाओरडा केला असे म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो. दुसरेही देता येईल: २०२२ मध्ये चाचणीसाठी दिलेल्या पहिल्याच मसुद्यात राक्षसांचे क्रिटिकल, म्हणजे वीस पडल्यावरचे दुप्पट फासे, काढून टाकले होते, आणि ते पुढच्या मसुद्यात परत आले. कुरकुर करणाऱ्यांनी हा खेळ बऱ्याचदा वाचवला आहे.

जुना खेळ नाहीसा होईल ही तुझी भीती मात्र सोडून दे. जानेवारी २०२३ मध्ये खुला परवाना बदलण्याचा जो प्रयत्न झाला, तो लोकांनी हाणून पाडल्यावर २०१४ च्या नियमांचा गाभा, म्हणजे एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सखाली प्रसिद्ध झाला. तो परवाना प्रकाशकालासुद्धा मागे घेता येत नाही. त्या नियमांवर उद्या कोणीही साहसे लिहू शकेल, छापू शकेल, विकू शकेल. आणि तुझ्या कपाटातले पुस्तक तर तुझेच आहे.

आता आपल्या टेबलाचे. या मोहिमेत २०२४ च्या फक्त तीन गोष्टी घ्याव्यात असे मी सगळ्यांना सुचवले आहे: बोनस अ‍ॅक्शनमधले पेय, थकव्याचा सोपा हिशेब, आणि फायटरला हत्यारांची मास्टरी. मोठ्या घणाचा थ्रो मात्र टर्नमध्ये एकदाच मागायचा, हे त्याने हसत मान्य केले. लांडगे जुनेच राहतील, स्माइट जुनाच राहील, आणि दबा धरणाऱ्याला जुनेच बक्षीस मिळेल. मोहीम संपल्यावर पुढची संपूर्णपणे नव्या नियमांनी खेळायची, सर्वांनी पहिल्या लेव्हलपासून, मिसळ न करता. त्या वेळी तू पॅलाडिनच घेणार असशील तर घे, पण माझे ऐकशील तर एकदा फायटर खेळून बघ. घण नको, मोठी तलवार घे, वार हुकला तरी काहीतरी पदरात पडते.

तुला हे पटत असेल तर पुढच्या बैठकीआधी कळव, आणि तुझ्या हाफ-एल्फच्या शीटवर उरलेले स्लॉट किती आहेत तेही लिही. मागच्या लढाईनंतरचा माझ्या वहीतला आकडा तुझ्या आकड्याशी जुळत नाही, आणि त्या व्हॅम्पायरच्या तळघरात उतरण्यापूर्वी तो जुळलेला बरा.

तुझा स्नेही,
तुझा डन्जन मास्टर