आपल्याकडे पिसं झडतात

नाशिक,
आश्विन वद्य पंचमी

प्रिय दिल्या,

गणपती उठले त्या आठवड्यात तुझं पाकीट मिळालं. गेल्या सालचे, कॅनडातल्या अल्गोन्क्विनच्या रानाचे ते सहा फोटो मी भिंतीला लावलेत. तळ्याकाठचे लालभडक मेपल आणि खाली पाण्यात तेच रान उलटं. फार सुंदर काढलेत. पण पत्रात शेवटी तू एक ओळ लिहिलीस : "तिकडे शरद असतो का रे, की पाऊस थांबला की थेट स्वेटर?" ती ओळ महिनाभर माझ्या मागे लागली. म्हणून उत्तराला उशीर झाला. उत्तर बसल्या जागी देण्यासारखं नव्हतं, हिंडून आणावं लागलं.

तुझ्याकडे दिवस आखडायला लागले, रात्री गार पडल्या की पानातलं हिरवं द्रव्य मोडतं आणि झाड पानं टाकून थंडीला सामोरं जातं. आपल्या झाडांना धास्ती थंडीची नसते, कोरडेपणाची असते. आत्ता आश्विनात जमीन ओली आहे, मग ती कशाला पानं टाकतील? आपला साग पानं झाडतो ते थंडीच्या शेवटी, जमीन तडकायला लागल्यावर. आणि लाल रंग पाहायचा तर फाल्गुनात ये, कुसुंबाला पालवी फुटताना. पिकलं पान लाल होण्याऐवजी आपल्याकडे कोवळं पान लाल असतं. तेव्हा मेपलच्या मापाने शोधायला गेलं तर इथे शरद सापडायचा नाही, हे मला आधीच माहीत होतं. सापडतो कुठे, ते मात्र या महिन्यातच नीट कळलं.

पहिली फेरी हरसूलच्या बाजूला झाली, पितृपक्षात. रस्त्याच्या दोन्ही अंगांना साग, आणि सगळे साग लांबून करपल्यासारखे तपकिरी. पावसाळ्यात मधूनच हे जळाल्यासारखं रान का दिसतं, हे लहानपणी एसटीतून जाताना आपल्याला कळायचं नाही. उतरून एक पान तोडलं आणि उन्हासमोर धरलं. त्यावर एक बारीक अळी येते. ती पानातला गर तेवढा खाते आणि शिरा ठेवते. हातात उरते ती नुसती जाळी. मधली शीर, तिच्यातून फुटलेल्या उपशिरा, त्यांच्यातून आणखी बारीक धागे, आणि सगळ्या भोकांतून आरपार सकाळचं ऊन. पैठणीच्या पदरामागून दिवा धरावा तसं. मॅक्रो लेन्स लावून अर्धा तास त्या एकाच पानावर घालवला. दिल्या, तुझ्या मेपलच्या बरोबरीने मी कुठलं पान उभं करीन तर हे.

येताना अंजनेरीला थांबलो. पठारावर सोनकी अजून होती, उतारांवर तेरडा, आणि गवताची टोकं पिवळी पडायला लागली होती. पण मी वर चढलो ते कड्यासाठी. तिथे लांब चोचीची गिधाडं राहतात. काळ्या कातळावरून चुन्यासारखे पांढरे ओघळ आलेले दिसले की समजायचं, वर कपारीत त्यांची बसायची जागा आहे. आपण शाळेत असताना गावाबाहेर ढोर टाकलं की तासाभरात गिधाडं उतरायची. पुढे गुरांना डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक द्यायला लागले. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. शंभरातली नव्वदहून जास्त गिधाडं अशी संपली. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण हा पक्षी वर्षाला एकच अंडं घालतो, भर कुठून लवकर यायची? त्या दिवशी तीन दिसली. एक तर माझ्या पातळीच्याही खालून गेलं, पंख न हलवता, पाठीवर ऊन घेऊन. उडत्या गिधाडाची पाठ बघायला मिळणं हे कड्यावर चढण्याचं फळ. मी फोटो चारच काढले, उरलेला वेळ नुसता बघत बसलो.

दसऱ्यानंतर येवल्याकडे ममदापूरला काळविटांसाठी गेलो. गवत गुडघाभर, वरून सोनेरी, बुडाशी हिरवट. मावळतीला त्यातून फक्त शिंगं सरकताना दिसतात. कुसळं मोज्यांत घुसली ती घरी येऊन चिमट्याने काढली. तिथलं बाकी सगळं सोबतच्या फोटोंत आहे, लिहीत बसत नाही.

खरं सांगायचं ते नांदूर मध्यमेश्वरचं.

पहाटे चारला निघालो. निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांमध्ये बॅटऱ्या हलताना दिसल्या. सध्या गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू आहे. छाटलेल्या काड्यांच्या डोळ्यांवर पेस्ट लावायला बायका भल्या पहाटेच उतरतात. सगळी बाग बोडकी झालेली. हे लिहिताना लक्षात येतंय की नाशिकमध्ये शरदात पानं घालवलेलं झाड एकच, द्राक्षाचं, आणि त्याची पानंही माणसाच्या कात्रीने गेलेली.

तिथल्या काठच्या खाणगाव थडी गावाला पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात, १९०७ ते १९११ मध्ये, हा बंधारा बांधला. शेतीला पाणी द्यायला बांधलेल्या बंधाऱ्यात शंभर वर्षं गाळ साचत गेला. गाळाची बेटं झाली, बेटांवर पाणगवत आलं, पाणगवतात पाखरं आली. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा मान मिळाला, महाराष्ट्रात पहिला. माणसाने एक कारण मनात धरून बांधलं आणि पाखरांनी दुसऱ्याच कामाला लावलं. मला या जागेचं हेच फार आवडतं.

गावातला एक तरुण वाटाड्या म्हणून बरोबर होता. दुर्बीण त्याची, नजरही त्याचीच. मी कॅमेरा उचलायला लागलो की हळूच म्हणायचा, "दादा, हात खालून आणा. वरून आणला का पानकोंबड्या उठत्या." मनोऱ्यावर न चढता आम्ही काठावर बीन बॅग टाकून पालथे पडलो. फोटो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून निघाला पाहिजे, नाहीतर तो नुसता नोंद होतो. समोर वारकऱ्यांचा थवा. काळं अंग आणि कपाळावर गंधासारखा पांढरा ठिपका असणाऱ्या या पाणपक्ष्याला वारकरी हे नाव ज्याने दिलं त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

धुकं विरलं आणि पाणवेलींवर कमळपक्षी दिसला. तू हा पक्षी जुलैत पाहिलायस, लांब कमानदार काळी शेपटी, मानेमागे सोनं. मी आधी ओळखलाच नाही. शेपटी नव्हती. पाठ मातकट, पोट पांढरं, गळ्याभोवती एक काळपट रेघ. तीच लांब बोटं, तीच पानावर तोलून चालण्याची ढब, पण सगळा साज उतरवलेला. विणीचा काळ संपला की तो ती पिसं झाडून टाकतो. तासभर त्याच्या मागे होतो. मानेच्या कडेला पिवळ्याची एक फिकी पट्टी तेवढी राहिली होती, लग्नातली हळद महिन्याने नखात उरते तशी.

आणि पलीकडच्या गाळावर भुवई बदकं. सायबेरिया, कझाकस्तानकडून येणाऱ्या बदकांत ही सर्वांत आधी पोचणाऱ्यांपैकी. नराच्या डोळ्यावर रुंद पांढरी भुवई असते म्हणून हे नाव. आत्ता एकालाही भुवई नाही, नर कोण आणि मादी कोण कळू नये असे सगळे तपकिरी. वीण आटोपली की ही बदकं उडायची पिसंसुद्धा एकदम टाकतात, तीनचार आठवडे उडता येत नाही, गवतात लपून राहतात. नवी पिसं आली की त्यांच्यावरच हिमालय ओलांडून इकडे. ती भुवई पुन्हा उमटते फेब्रुवारीच्या आसपास, परतायचे दिवस जवळ येतात तेव्हा.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या चिखलात पालथं पडल्यावर मिळालं. शरद इथे आहे. तुमच्याकडे पानं झडतात, आपल्याकडे पिसं झडतात.

पुढचं लिहू की नको असं झालं होतं, पण तुझ्यापासून काय लपवायचं. साडेआठला काही लोक आले आणि त्यांनी ड्रोन उडवला. अभयारण्यात ड्रोनला बंदी आहे, तरीही. त्याची घरघर ऐकून आख्खा गाळ एकदम उठला. भुवई बदकं, थापटे, तलवार बदकं, सगळीच. त्यांना "उडतानाचा सीन" हवा होता. मी जाऊन बोललो, आवाज चढला, वाटाड्याने वनरक्षकांना फोन लावला, तसे ते निघून गेले. बदकं काही परतली नाहीत. नऊनंतर ऑक्टोबरचं ऊन चढलं, पाण्यावरची हवा थरथरायला लागली आणि सहाशे मिलिमीटरच्या लेन्समधून काहीच धारदार येईना. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला दोन घास खाऊन वजन भरून काढायचं असतं, दिल्या. त्याला उगाच उठवणं म्हणजे त्याच्या तोंडचा घास काढणं.

संताप घरी येईपर्यंत टिकला. मग आठवलं. गंगापूर धरण, आपलं बारावीचं वर्ष, तुझ्या मामांचा कॅमेरा, छत्तीसचा रोल. बदकं उडेनात म्हणून दगड मी मारला होता आणि बटण तू दाबलं होतंस. तो फोटो आपण किती जणांना दाखवला! तो अजून माझ्याकडे आहे. त्या रात्री काढून पाहिला. सगळी बदकं पाठमोरी आहेत, एकाचाही डोळा दिसत नाही. तेव्हा आपल्याला कोणी सांगणारं नव्हतं. म्हणून आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी शाळेतल्या पोरांना काठावर घेऊन जायचं ठरवलंय, त्या वाटाड्याच्या सोबतीने. कॅमेरे घरी ठेवून. पहिल्या खेपेला फक्त गप्प बसायला शिकवणार.

कोजागरीला काकूंकडे होतो. गुडघे दुखतात तरी जिना चढून गच्चीत आल्या, दूध स्वतः आटवलं, चारोळ्या जास्त घातल्या कारण तुला आवडतात. तुझे फोटो त्यांनी चांदण्यात धरून पाहिले, मग मी कमळपक्ष्याचा दाखवला. बारा वाजून गेल्यावर नदीच्या अंगाने शीळ घालत अडई बदकं गेली, बारीक, एकामागून एक. दिसलं काहीच नाही. काकू पेला हातात धरून तोंड वर करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही रोज जातात. दिलीप असताना पण जायची."

पट्टकादंब हंस डिसेंबरात येतात. तू तेव्हा येणार असशील तर आत्ताच कळव, खाणगाव थडीला राहायची सोय करून ठेवतो. पाकिटात कमळपक्ष्याचा प्रिंट घातलाय, बिनशेपटीचा. मेपलशेजारी लाव.

तुझा,
मोहन