भाड्याच्या पावतीत न दिसणारे तेराशे रुपये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धायरीत आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा घरमालक म्हणाले, "भाडं वाढवत नाही, तुम्ही घरचीच माणसं." भाडे खरोखर ११,००० रुपयेच राहिले. पण नोंदणी होऊन आठवडा झाला आणि सहीसाठी दुसरा कागद आला. पाण्याचे ६००, जिन्यातले दिवे व झाडलोट ४००, पाण्याच्या मोटारीचे ३००. महिन्याला १,३००, म्हणजे अकरा महिन्यांचे १४,३०० रुपये. विजेचे युनिटमागे १५ रुपये वेगळेच.

धायरी २०१७ मध्ये महापालिकेत आली, तरी उन्हाळ्यात टँकर मागवावाच लागतो आणि त्याचे पैसे कुणीतरी भरायलाच हवेत, हे मला मान्य आहे. आमच्या वाट्याचे आम्ही भरू. पण टँकर किती आले, कितीला आले, चार बिऱ्हाडांत वाटणी कशी केली, हे विचारले की "सगळे देतात, तुम्हालाच अडचण का?" असे उत्तर मिळते. पावसाळ्यातही ६०० रुपये तेवढेच.

विजेचे तर फार वाईट आहे. इमारतीला मीटर एकच, आत प्रत्येकाला सबमीटर. घरगुती विजेचा दर वापराच्या टप्प्यांनुसार चढतो. आमचा वापर ७० युनिटांच्या आसपास असतो. स्वतंत्र मीटर असते तर तो १०० युनिटांच्या आतल्या सर्वात स्वस्त टप्प्यात बसला असता. चौघांचा वापर एकाच बिलात आला की ते महाग टप्प्यात जाते, आणि वर मालक ठरवतील तो दर. वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार मालकच नव्हे, जागेत राहणाराही जोडणीसाठी अर्ज करू शकतो. पण मालकांना दुखवून तसा अर्ज केला, तर पुढचा करार होणार नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक आहे. मुलीची शाळा इथेच आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. मग पैशांच्या अटी साध्या कागदावर नोंदणीबाहेर ठेवल्या, तर त्या कलमाचा उपयोग काय? आमच्या नोंदणीकृत करारात देखभालीचा खर्च मालकांनी करायचा आणि वीजबिल आम्ही भरायचे, असे स्वच्छ लिहिले आहे. दुसरा कागद नेमका त्याच्या उलट. शिवाय हे १,३०० रुपये भाड्याच्या पावतीत येत नाहीत, त्यामुळे घरभाडे भत्त्याच्या प्राप्तिकर सवलतीतही धरता येत नाहीत.

सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या माझ्या बहिणीकडून तिचे घरमालक बिनभोगवटा शुल्क, म्हणजे सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लागणारे शुल्क, वसूल करतात. ते शुल्क सोसायटी सभासदाला लावते, आणि २००१ च्या शासन आदेशाने त्यावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तेही तिला माझ्याकडूनच कळले.

नोंदणी विभागाला माझी विनंती आहे. ऑनलाइन करारात पाणी, वीज, देखभाल यांचे रकाने सक्तीचे करावेत: कोण भरणार, कोणत्या दराने, आणि मूळ बिल दाखवणार की नाही. हे न भरता करार पुढे सरकूच नये.

दुसऱ्या कागदावर मी अजून सही केलेली नाही. टँकरच्या पावत्या मागितल्या आहेत. त्या आल्या की आमचा वाटा त्याच दिवशी देईन.

— एक भाडेकरू, धायरी, पुणे