सवलत कुणाला, कशासाठी आणि कधीपर्यंत

कोलंबस, ओहायो

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा फोन आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. तू चिडला होतास आणि मी कामाच्या साइटवर होते, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. बांद्याला जाशील तेव्हा आईलाही वाचून दाखव. बाबांच्या खनिज वाहणाऱ्या टिपरच्या फेऱ्यांचा, डिझेलचा, जेटीवरच्या पावत्यांचा हिशोब तिनेच ठेवलेला आहे, तिला यातलं सगळं कळेल.

तू सांगितलंस ते असं: मलनिस्सारणाच्या कामाचं टेंडर निघालं, त्यातल्या, तुझी ओतशाळा बनवते तसल्या बिडाच्या झाकणांचं आणि फिटिंगचं वर्णन असं लिहिलं होतं की एका परदेशी मालाखेरीज दुसरं काही त्यात बसू नये. विचारायला गेलास तर "या आयटमला सवलत आहे", म्हणजे देशी मालाच्या अटीतून सूट आहे, एवढं तोंडी सांगून वाटेला लावलं. आणि मग तू मला म्हणालास, "तुमच्या अमेरिकेत बरं, सगळं अमेरिकनच घ्यावं लागतं, तिथे सवलत-बिवलत नसेल." असते, दादा. भरपूर असते. माझ्या नोकरीतले निम्मे कागद त्या सवलतींचेच आहेत. फरक आहे तो सवलत कशी मिळते यात, आणि तोच मला तुला नीट सांगायचा आहे.

इथली गावं जलशुद्धीकरणाचा किंवा सांडपाण्याचा प्रकल्प बांधताना सरकारी फिरत्या निधीतून कमी व्याजाचं कर्ज घेतात. त्या पैशाला २०१४ पासून अट आहे की लोखंड-पोलादाचा माल अमेरिकेत तयार झालेला हवा. कुठला माल, त्याची यादी कायद्यातच दिली आहे: पाइप आणि फिटिंग, हायड्रंट, टाक्या, फ्लँज, व्हॉल्व्ह, बांधकामाचं पोलाद. आणि तुझा माल त्यात नावानिशी आहे, मॅनहोलची झाकणं आणि नगरपालिकेला लागणारी इतर ओतीव कामं. इथल्या कितीतरी शहरांच्या रस्त्यांत 'मेड इन इंडिया' अशी अक्षरं ओतलेली झाकणं दिसतात, ती हावड्याच्या ओतशाळांतून येतात. पण या कर्जातल्या कामावर तसं एकही झाकण चालत नाही. धातू वितळवण्यापासून सगळं इथेच झालेलं हवं. माझ्याकडे प्रत्येक नगामागे कारखान्याचं सही केलेलं पत्र लागतं, पोलाद असेल तर मिलचा टीसी (चाचणीचं प्रमाणपत्र) आणि त्यावरचा हीट नंबर (माल भट्टीच्या कुठल्या घाण्यातला ते सांगणारा) मालावरच्या नंबराशी जुळवून पाहावा लागतो.

मग नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभूत सुविधांचा मोठा कायदा आला, १.२ लाख कोटी डॉलरचा. त्याने ही अट केंद्राच्या पैशातून होणाऱ्या जवळजवळ सगळ्याच बांधकामांना लावली: रस्ते, पूल, पाणी, इंटरनेटच्या तारा. लोखंड-पोलाद वितळवण्यापासून वरच्या लेपापर्यंत इथलं. तयार यंत्रसामग्री इथे बनलेली आणि तिच्या सुट्या भागांच्या किमतीत ५५ टक्क्यांहून जास्त वाटा देशी. काच, प्लास्टिकचे पाइप, लाकूड, ड्रायवॉल (भिंतींचे जिप्समचे तक्ते), ऑप्टिकल फायबर हेही देशी. सिमेंट, वाळू, खडी, दगड मात्र त्या नव्या कलमांतून मुद्दाम वगळले.

आता सवलत. तिची कारणं तीनच. एक, तो माल देशात पुरेसा किंवा हव्या त्या दर्जाचा मिळत नाही. दोन, देशी माल घेतल्याने संपूर्ण प्रकल्पाचा खर्च २५ टक्क्यांहून जास्त वाढतो. एका वस्तूचा भाव दुप्पट झाला तरी तेवढ्याने भागत नाही. तीन, अट लावणं लोकांच्या हिताविरुद्ध जातं. कारण कुठलंही असो, सवलत देण्याआधी प्रस्ताव वेबसाइटवर टाकावा लागतो, कारणं लेखी द्यावी लागतात आणि निदान १५ दिवस कुणालाही त्यावर लिहिता येतं. कुणालाही, दादा. तुझ्यासारख्या दहा माणसांच्या ओतशाळेलासुद्धा.

ही मुदत किती मोलाची असते ते मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या एका कामावर विशिष्ट मापाचे व्हॉल्व्ह हवे होते. आम्ही ओळखीच्या सगळ्या पुरवठादारांना विचारलं, सगळ्यांनी नाही म्हणून लिहून दिलं, आणि गावाने सवलतीचा अर्ज केला. नोटीस लागली. मुदत संपत आली असताना दुसऱ्या राज्यातल्या एका छोट्या ओतशाळेचं पत्र आलं: मोठ्या मापाचे आम्ही करतो, लहान आमच्याकडे नाहीत, वेळ मात्र द्यावा लागेल. आमचे ठेकेदार वैतागले, कारण वेळापत्रक पुढे जाणार होतं. पण मोठे व्हॉल्व्ह त्या ओतशाळेकडूनच घेतले आणि सवलत फक्त लहान मापांपुरती उरली. ते पत्र वाचताना मला तुझी भट्टी आठवत होती. नोटीस लागली नसती तर त्या माणसांना कळलंही नसतं की आपल्या हातचं काम समुद्रापलीकडे चाललं आहे.

या अटीचा त्रास काहीच नाही, असं मात्र म्हणणार नाही. काम रेंगाळतं, भाव चढतात, आणि कर्ज शेवटी गावातल्या लोकांच्या पाणीपट्टीतूनच फिटतं. म्हणून किरकोळ गोष्टींना कायमची मोकळीक ठेवली आहे. पाण्याच्या कामात नट-बोल्टसारख्या बारीकसारीक लोखंडी मालाला एकूण सामानाच्या खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत सूट आहे, आणि त्यातही एकच वस्तू १ टक्क्याहून जास्त असता कामा नये. हे मला पटतं. बोल्टाच्या पिशवीसाठी अख्खं गाव तहानलेलं ठेवण्यात काय देशप्रेम?

आपत्तीनंतरच्या तातडीच्या खर्चाला तर नवा कायदा लागतच नाही. हे वाचलं तेव्हा बाबा सांगायचे ते डोळ्यांसमोर आलं. जुलै १९८६ मध्ये पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला आणि बेतीच्या धक्क्यावर फेरीसाठी माणसांच्या रांगा लागल्या. अशा वेळी लोखंड कुठलं हे विचारत बसायचं नसतं, हे कुणालाही समजतं.

खरी गडबड होते ती मुदत नसलेल्या सवलतीत. इथल्या महामार्ग खात्याने १९८३ मध्ये ठरवलं की रस्त्यांच्या कामात देशी मालाची अट मुख्यतः पोलादापुरती. तयार यंत्रसामग्रीला, म्हणजे सिग्नलपासून कंट्रोलच्या पेट्यांपर्यंत सगळ्याला, सरसकट सवलत. त्या वेळी कारणं असतील. पण शेवटची तारीख कुणी घातली नाही आणि ती सवलत चाळीस वर्षांहून जास्त चालली. एवढ्या काळात तो माल देशात कोण बनवतं, कोण बनवू शकेल, हे विचारण्याची गरजच कुणाला पडली नाही. जानेवारी २०२५ मध्ये ती संपवण्याचा नियम निघाला, तोही दोन टप्प्यांत: १ ऑक्टोबर २०२५ पासून मंजूर होणाऱ्या कामांसाठी शेवटची जोडणी देशात, आणि १ ऑक्टोबर २०२६ पासून ५५ टक्क्यांची अटसुद्धा.

याउलट विजेच्या गाड्यांचे चार्जर बघ. २०२३ मध्ये या चार्जरची मागणी एकदम वाढणार होती आणि देशात कारखाने पुरेसे नव्हते. सवलत दिली, पण ती पायऱ्यापायऱ्यांनी काढून घेणार हे पहिल्याच दिवशी लिहून टाकलं. मार्च २०२३ पासून जोडणी इथे आणि पेटीचं लोखंड इथलं. १ जुलै २०२४ पासून बनणाऱ्या चार्जरच्या सुट्या भागांतही किमान ५५ टक्के देशी. कारखाना काढणाऱ्याला आपल्याला कधीपर्यंत तयार व्हायचं आहे हे आधीच कळलं. सवलत द्यायची तर अशी द्यावी, असं माझं ठाम मत झालं आहे.

पळवाटाही आहेत. कॅलिफोर्नियाने सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलाचा पूर्वेकडचा नवा भाग बांधला, २०१३ मध्ये खुला झाला, त्याच्या मुख्य झुलत्या गाळ्याचं पोलादी काम शांघायमध्ये बनून जहाजाने आलं. त्या भागाला केंद्राचा पैसा लावलाच नाही, म्हणजे अटही लागली नाही.

एक गोष्ट मात्र मला रात्री बराच वेळ जागं ठेवून गेली, आणि ती गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या, आपल्या डिचोलीच्या माणसालाच कळेल. महामार्गांच्या पोलादाची इथली अट अगदी कडक आहे, तरी १९९५ पासून एका मालाला देशभर सवलत आहे: पिग आयर्न (भट्टीतून निघालेलं कच्चं लोखंड) आणि प्रक्रिया केलेलं लोहखनिज, पेलेट म्हणजे खनिजाच्या गोळ्या वगैरे. देशात ते पुरेसं मिळत नाही हे कारण. म्हणजे कच्चा माल जगातून कुठूनही येऊ दे, पण त्याचं पोलाद करणं, लाटणं, कापणं, भोकं पाडणं, लेप देणं, ही ज्या ज्या कामांतून माणसाला मजुरी मिळते ती सगळी इथेच व्हायला हवीत. (एक वर्ष आधी, १९९४ मध्ये, फेरीबोटींच्या इंजिनांना आणि पंपांनाही अशीच सवलत दिली आहे. नदी परिवहनात असलेल्या भाओजींना सांग, त्यांना आवडेल.)

आपण काय केलं? आपल्या डोंगरांतली लाल माती टिपरने जेटीवर नेली, बार्जने मांडवीतून मुरगावला पाठवली, तिथून आधी जपानला आणि मग चीनला. आमोण्याचा पिग आयर्नचा कारखाना सोडला तर त्या खनिजाचं गोव्यात फारसं काही झालं नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझ रद्द केली, आणि बाबांचे टिपर अंगणात उभे राहिले. खाणी जशा चालल्या तशा चालायला नको होत्या, हे मी तेव्हाही म्हणत होते. पण माती बाहेर गेली आणि तिचं कामही बाहेर गेलं, हे दुःख वेगळं आहे. तू टिपर विकून भट्टी लावलीस तेव्हा घरात सगळे घाबरले होते. मला त्या दिवशी तुझा अभिमान वाटला होता, आजही वाटतो. म्हणूनच त्या टेंडरचं ऐकून माझा इतका संताप झाला.

आता तुझ्या कामाचं. आपल्याकडेही नियम आहे, आणि कच्चा नाही. केंद्राचा सरकारी खरेदीत 'मेक इन इंडिया'ला प्राधान्य देण्याचा आदेश १५ जून २०१७ चा आहे, सप्टेंबर २०२० मध्ये तो बदलून आणखी कडक केला. मालात ५० टक्के किंवा जास्त देशी वाटा असेल तर पहिल्या वर्गाचा स्थानिक पुरवठादार, २० ते ५० मध्ये दुसऱ्या वर्गाचा. २०० कोटींखालच्या खरेदीला जागतिक टेंडर काढायचं तर वरची खास परवानगी लागते. ५ लाखांखालची खरेदी या आदेशातून वगळली आहे. केंद्राच्या योजनेचा पैसा असेल तर राज्य आणि नगरपालिकांच्या खरेदीलाही तो लागतो. म्हणून पहिल्यांदा शोध की या कामात पैसा कुणाचा आहे. सगळं त्यावर ठरेल.

दुसरं, विनाकारण परदेशी प्रमाणपत्र मागणं, ब्रँड किंवा मॉडेल सांगून स्थानिक माणसाला बाहेर ठेवणं, हे त्या आदेशात स्पष्ट शब्दांत गैर ठरवलं आहे. तुझ्या टेंडरमधल्या वर्णनावर बोट ठेवायला हीच जागा आहे.

तिसरं, सवलत त्या आदेशातही आहे, पण ती खात्याने लेखी आदेश काढून द्यायची असते. तोंडी सवलत नावाचा प्रकार नाही. आपल्याकडे उणं आहे ते एवढंच की तो आदेश निघण्याआधी लोकांपुढे ठेवून आक्षेप मागवायची इथल्यासारखी सक्ती नाही. ती यायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि तुमच्या लघुउद्योजकांच्या संघटनेने ती मागणी लावून धरावी. पण ती येईपर्यंत माहितीचा अधिकार आहे. अर्जात तीनच गोष्टी माग: या आयटमला दिलेल्या सवलतीच्या आदेशाची प्रत, तिची कारणं दाखवणारी टिपणी, आणि ती कधीपर्यंत लागू आहे. आदेशच नसेल तर तसं लेखी उत्तर मिळेल, तेही उपयोगी पडेल.

प्री-बिड बैठक (टेंडर भरण्याआधीची शंकांची बैठक) अजून झाली नसेल तर तिथे प्रश्न लेखी दे, पोच घे. सोबत तुझ्या झाकणांचे टेस्टचे रिपोर्ट लाव, भारतीय मानकाप्रमाणे केलेले. देशी वाट्याचं स्वयंघोषणापत्र लिहिताना एक आकडाही फुगवू नकोस. कोक कुठला, स्क्रॅप कुठलं, सगळ्याच्या खरेदीच्या पावत्या फाइलला ठेव. खोटं निघालं तर दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकता येतं, आणि आपण ज्या गोष्टीसाठी भांडतोय ती पहिली आपल्याकडे स्वच्छ हवी. दर जास्त पडत असेल तर तेही मला खरं सांग. पहिल्या वर्गाच्या पुरवठादाराला सर्वांत कमी दराच्या २० टक्के वरपर्यंत असूनही तो दर जुळवून काम घ्यायची संधी असते, पण तेवढ्यात तुला परवडतं का, हे आधी बघायला हवं.

टेंडरची सगळी पानं फोनवर फोटो काढून पाठव, विशेषतः तांत्रिक वर्णनाचं पान आणि बीओक्यू, म्हणजे कुठला माल किती लागणार त्याची यादी. शनिवारी मला सुट्टी असते, बसून वाचते आणि प्रश्नांचा मसुदा मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही करून पाठवते. वहिनीला सांग, चवथीला यायचं जमत नाही, पण गणपतीवरच्या माटोळीचे फोटो हवेत. आईच्या गुडघ्याचं औषध संपण्याआधी आण. चिनूला आशीर्वाद.

तुझी,
सुमा