खाजेची ट्यूब आणि इसबाची लेकरे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी ३१ वर्षे शिकवले. त्यातल्या एका वर्षी चौथीच्या वर्गातील एका मुलीला मी सतरंजीच्या टोकाला, इतरांपासून हातभर अंतरावर बसवले होते. तिच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांत लस येणारे लालसर चट्टे होते आणि 'आमच्या लेकरांना लागण होईल' अशी तक्रार दोन पालकांनी माझ्याकडे केली होती. तिला इसब होता आणि इसब स्पर्शाने कोणालाही होत नाही, हे मला फार उशिरा, माझ्या स्वतःच्या नातवाला तोच आजार झाल्यावर कळले. त्या मुलीचे मन तेव्हा मी दुखावले याची बोच आजही आहे. हे पत्र त्याच बोचेतून लिहीत आहे.

अंगाला खाज सुटून चट्टे उठले की आपल्या घरांतून 'रक्त खराब झाले' किंवा 'अंगात उष्णता वाढली' असे निदान लगेच होते. मग वांगे बंद, मसूर बंद, अंडे बंद, दही बंद असे करत वाढत्या वयातील लेकराचे ताट रिकामे होत जाते आणि चट्टे मात्र जिथल्या तिथे राहतात. काही थोड्या मुलांना एखाद्या पदार्थाची खरी ॲलर्जी असते, ती तपासूनच ठरवावी लागते. पण सरसकट पथ्याने इसब जात नाही. या आजारात, ज्याला डॉक्टर ॲटोपिक डर्माटायटिस म्हणतात, मूळ दोष रक्तात नसून त्वचेच्या बांधणीत आणि शरीराच्या प्रतिकारव्यवस्थेत असतो. दगडी भिंतीच्या सांध्यांतला चुना निघाला की जशी आतली ओल बाहेर येते आणि बाहेरचे पाणी आत शिरते, तसे या त्वचेचे होते: तिच्यातला ओलावा टिकत नाही आणि धूळ, साबण, घाम, जंतू यांना आत वाट मिळते. ही भिंत पक्की ठेवणाऱ्या फिलाग्रिन नावाच्या प्रथिनाचे जनुक काही जणांत जन्मतःच सदोष असते आणि त्याचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. आत शिरलेल्या गोष्टींवर प्रतिकारव्यवस्था गरजेपेक्षा जास्त चवताळते, त्यातून दाह होतो, दाहातून खाज सुटते, खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. बहुतेकांना हा आजार वयाच्या पहिल्या पाच वर्षांतच सुरू होतो आणि घरात कोणाला दमा किंवा सतत शिंका येण्याचा त्रास असेल तर त्याची शक्यता वाढते. यात आईच्या खाण्याचा किंवा घराच्या अस्वच्छतेचा दोष नसतो, हे सासरी बोल ऐकून घेणाऱ्या प्रत्येक सुनेसाठी मला मुद्दाम लिहावेसे वाटते.

मराठवाड्यात यात पाण्याचा प्रश्न मिसळतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तिथे लेकराला रोज भरपूर पाण्याने आंघोळ घाला हे सांगणे सोपे नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही म्हणून आपण साबण जास्त लावतो आणि तो अंगावर राहून कातडी अधिक कोरडी करतो. मात्र पाणी मऊ करणारे यंत्र बसवून इसब बरा होईल अशा आशेने कोणी खर्चात पडू नये. इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर अशा यंत्राची पद्धतशीर चाचणी झाली आणि २०११ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निष्कर्षांत इसबावर काही जास्तीचा फायदा दिसला नाही. त्याहून उपयोगाचे, आणि आपल्या आवाक्यातले, आहे ते असे: पाणी कढत नको, कोमट असावे, आंघोळ पाच-दहा मिनिटांतच उरकावी, दगडाने किंवा खरखरीत कापडाने घासू नये, जंतुनाशक द्रव पाण्यात टाकू नये, आणि अंग टिपून ओलसर असतानाच साधी पांढरी पेट्रोलियम जेली सर्वांगाला लावावी. ती चट्टे नसलेल्या दिवसांतही लावायची असते आणि चिमूटभर लावून भागत नाही. हे मला पटायला वेळ लागला, कारण इतक्या साध्या गोष्टीला औषध म्हणायला मन तयार होत नव्हते.

दुसरी अडचण ओळखण्याची आहे. खाजेचे सगळे आजार आपल्याकडे एकाच नावाने चालतात. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येते आणि घरातल्या सर्वांनी एकाच वेळी औषध लावल्याशिवाय ती जात नाही. नायट्याला कडेने उठावदार गोल असतो आणि तो बुरशीमुळे होतो. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याला मात्र पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्यांत दर वर्षी चट्टे येत, कातडी हत्तीसारखी जाड होई आणि कित्येक वर्षे त्याला इसबाचेच औषध मिळाले. शेवटी पॅच टेस्टमध्ये, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने कातडीवर लावून केलेल्या ॲलर्जीच्या तपासणीत, निघाले की त्याला गाजर गवताची ॲलर्जी आहे. १९५० च्या दशकात पुण्याजवळ प्रथम नजरेत आलेले हे गवत आज आपल्या प्रत्येक बांधावर, पडीक रानात आणि शाळेच्या कुंपणाला उभे आहे. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य वाळलेल्या कणांसोबत हवेतून उडते, त्यामुळे गवताला हात न लावताही त्रास होतो. हे निदान झाले नसते तर तो अजूनही मलमे बदलत बसला असता. गवत उपटताना लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवा, आणि ज्याला त्रास आहे त्याने हे काम करूच नये.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी उचलली तिच्याकडे येते. तालुक्याच्या ठिकाणी कोणत्याही मेडिकलमध्ये जाऊन 'खाजेची ट्यूब द्या' म्हटले की पुष्कळदा क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन हे जोरकस स्टेरॉईड, म्हणजे दाह दाबणारे औषध, त्यातच बुरशीचे आणि जंतूंचे औषध मिसळलेली ट्यूब हातात पडते. अंग दाखवा, असे कोणी म्हणत नाही. माझ्या नातवाच्या गालावर अशीच एक ट्यूब चार महिने लावली गेली, कारण लावली की दोन दिवसांत गाल स्वच्छ दिसे आणि थांबवली की आधीपेक्षा लाल होई. अखेरीस गालाची कातडी पातळ होऊन रक्तवाहिन्या दिसू लागल्या. नायट्यावर हीच ट्यूब लावली तर खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि चट्ट्याचे रूप असे बदलते की तज्ज्ञालाही ओळखणे अवघड जाते. गेल्या काही वर्षांत नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नायटा देशभर वाढला आहे, त्यात अशा ट्यूबांचा मोठा वाटा आहे, असे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉईड द्रव्ये शेड्यूल एच मध्ये घालून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांच्या मलमांची विक्री बंद केली. कायदा कागदावर आहे आणि ट्यूब काउंटरवर आहे.

नातवाचे गाल पाहून आम्ही नंतर उलट्या टोकाला गेलो. 'स्टेरॉईड' हा शब्द ऐकला तरी सून औषध लावेना, आणि त्या हिवाळ्यात मूल रात्ररात्र जागून रक्त येईपर्यंत खाजवत राहिले. पुढे ज्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी त्याला सांभाळले त्यांनी आम्हाला शांतपणे समजावले की १९५२ पासून वापरात असलेले स्टेरॉईड मलमच योग्य जोराचे, योग्य जागी आणि योग्य दिवस लावले तर इसबाचा मुख्य आधार आहे. चेहऱ्यासाठी सौम्य आणि हातापायांसाठी थोडे जोरकस, असे ते निवडावे लागते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते, ते साधारण अर्धा ग्रॅम मलम दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. दिवसातून एकदा, चट्टा पूर्ण बसेपर्यंत लावायचे. आणि जिथे तो पुन्हापुन्हा उठतो तिथे पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्यातून दोनदा. पापण्यांसारख्या नाजूक जागी टॅक्रोलिमससारखे स्टेरॉईड नसलेले मलम मिळते. याने न भागणाऱ्या रुग्णांसाठी डुपिलुमॅबसारखी इंजेक्शने आली आहेत, ती महाग आहेत आणि ग्रामीण कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. परंतु बहुतेक लेकरांना तिथपर्यंत जावेच लागत नाही. आमच्या नातवाची झोप तीन आठवड्यांत परत आली.

यासाठी नवी योजना काढण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे आणि शाळेत येणाऱ्या पथकाने तपासायच्या आजारांच्या यादीत खरूज, बुरशीचा संसर्ग आणि इसब हे तिन्ही आहेत. मी असेपर्यंत आमच्या शाळेत पथक आले की उंची, वजन, डोळे आणि दात पाहिले जात. सदऱ्याची बाही वर करून कोपर पाहिलेले मला आठवत नाही. ते पाहायला फार वेळ लागत नाही. संशयित मुलांची चिठ्ठी अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागाकडे द्यावी, कारण तिथे कमी खर्चात तज्ज्ञ भेटतो. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पेट्रोलियम जेली मोफत आणि पुरेशी मिळावी, आणि एक सौम्य व एक मध्यम स्टेरॉईड मलम वेगवेगळे, मिश्रण नसलेले, ठेवावे. अन्न व औषध प्रशासनाने तालुक्याच्या मेडिकल दुकानांची या एका मुद्द्यावर तपासणी करावी आणि ती केली की नाही हे जाहीर करावे.

आणि शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती आहे की वर्गात असे मूल असेल तर त्याला बाकीच्यांच्या मध्ये बसवावे, नखे कापलेली आहेत ना ते पाहावे आणि दुपारच्या सुट्टीत त्याला जेली लावायला पाच मिनिटे द्यावीत.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सेलू, जि. परभणी